बाजारबुणग्यांची बाजू

गेल्या दिवाळीत एका किल्ला स्पर्धेत माझी मांडणी परीक्षकांनी बाजूला काढली. ‘काम सुबक आहे, पण यात लढाई कुठे आहे?’ असं त्यांनी विचारलं. त्या फळीवर मराठी फौजेची छावणी होती. राहुट्या, वैरणीची गंज, नालबंद, भाकरी थापणारी बाई, पखालीचा बैल. तलवार उपसलेला एकही माणूस नव्हता आणि तो नसण्यामागे माझा विचार होता.

मी ३४ वर्षं दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवल्या. रेडियम आलं, काम आटलं, पण हात बसलेला होता. मुलाने युद्धखेळातल्या २८ मिलिमीटरच्या सैनिकांचं एक खोकं आणून दिलं आणि मी त्यात रमलो. ऐतिहासिक लढाया टेबलावर खेळणारे लोक जगभर आहेत, त्यांच्यासाठी ही माणसं ओततात. खोक्यात घोडेस्वार मिळतात, बंदूकवाले मिळतात, तोफा मिळतात. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार मात्र मला कुठल्याच खोक्यात सापडला नाही. मग तो मी एम-सीलचा घडवला.

‘बाजारबुणगे’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. मला तो शब्द ऐकवत नाही. बुणगे म्हणजे फौजेबरोबर चालणारी न लढणारी माणसं : वाणी, भिस्ती, आचारी, लोहार, घोड्यांची चाकरी करणारे, त्यांची बायका-पोरं. ही माणसं नसती तर शिलेदार दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसू शकला नसता. पानिपतची लढाई एका दिवसाची, १४ जानेवारी १७६१. त्याआधी सुमारे अडीच महिने तीच मराठी फौज तिथे तळ देऊन होती. डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, बाजारातलं धान्य संपलं आणि उपाशी फौज मैदानात उतरली. यात्रेकरू आणि कुटुंबकबिला यांचा सेनापती भाऊसाहेबांना भार झाला, हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण त्या छावणीतला बाजार ओस पडला त्या दिवशीच निम्मी लढाई हातची गेली होती, असं मला ठामपणे वाटतं.

१८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याची तिथली पत्रं १८१३ साली पुस्तकरूपाने निघाली, त्यात एका देशी चित्रकाराच्या चित्रांवरून केलेली दहा रंगीत चित्रं आहेत. पत्रांत तो सांगतो, की मुक्कामाच्या जागी फौजेच्या पुढे चालणारा बिनीवाला आधी पोहोचायचा आणि महाराजांचे डेरे जिथे पडायचे तिथे पांढरं निशाण रोवायचा. मग एकेका बाजाराची निशाणं ओळीने लागायची. बिनीवाले आडनावाची माणसं आजही आपल्यात आहेत. माझ्या फळीवर सगळ्यात आधी जे उभं राहिलं ते हेच पांढरं निशाण, दात कोरायच्या काडीला कापराच्या वडीएवढं फडकं.

पखालीच्या बैलाने माझे आठ दिवस घेतले. काळा प्रायमर, वर तपकिरी रंगाचा हात, मग त्याहून गडद रंग पाण्यासारखा पातळ करून सोडला की चामड्याच्या चुण्यांत आपोआप उतरतो. वाळल्यावर ब्रश फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि फिका रंग फक्त उंचवट्यांवरून फिरवायचा. तरी ती पखाल कोरडीच दिसत होती. नात म्हणाली, ‘आजोबा, यातून पाणी गळत नाही का?’ पोरीचं बरोबर होतं. पखालीच्या पोटाला तेवढं चमकणारं वॉर्निश लावलं, खाली बैलाच्या खुरांपाशी चिखल केला, आणि बैल चालायला लागला.

दुसरी वस्तू मोहरीच्या दाण्याएवढी आहे. शिवछत्रपतींनी चिपळूणजवळच्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि तुम्ही कुणब्यांच्या घरून दाणे, भाकरी, गवत, भाजी आणायला लागाल, असं त्यात बजावलं आहे. आणि रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गंजीला आग लागेल, हेही. एवढं मोठं राज्य उभारणारा राजा उंदरापर्यंत विचार करत होता. माझ्या छावणीत गंजीच्या पायथ्याशी तो उंदीर आहे. खरोखरच मोहरीचा दाणा, शेपटी ब्रशच्या केसाची. परीक्षकांना तो दिसला नाही.

आपल्या दिवाळीच्या किल्ल्याला ही न लढणारी माणसं नवीन नाहीत. कुंभाराकडून आपण मावळे आणायचो, तशीच गवळण आणायचो, भाजीवाली आणायचो, वासुदेव आणायचो. अळीव पेरून शेत करायचो. हल्ली स्पर्धांच्या मांडण्यांत फक्त तटबंदी आणि तलवारी उरल्या आहेत. शाळांनी आणि मंडळांनी गुण देताना पाण्याची टाकी, धान्याची कोठारं, पागा हेही मोजावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. परदेशातल्या ‘डीबीए’ या युद्धखेळात दोन्ही बाजूंना १२-१२ तुकड्या असतात, पण छावणी शत्रूच्या हाती पडली तर ते नुकसानही हिशोबात धरतात. मुलांना हे लगेच कळतं.

यंदाही मी तीच फळी घेऊन जाणार आहे, थोडी वाढवून. ३० घोडी नवीन आहेत. प्रत्येकाची आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढच्या-मागच्या पायांचे दोर, बांधायची आहे. शिवणाचा दोरा मेणातून ओढून घेतला की तो ताठ राहतो, मग चिमट्याने पायाला वेढा द्यायचा आणि मेखेला टोक चिकटवायचं. काल रात्रीपर्यंत ११ झाली.