दुकानाच्या पानावर मालाची नोंद

अलीकडे आपल्या कित्येक सभासदांनीं गूळ, तांदूळ, हळद, बेदाणा असा निवडक माल थेट गिऱ्हाइकास विकण्यासाठीं इंटरनेटवर दुकानें मांडिलीं आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यांतील पुष्कळांची तक्रार एकच : माल आहे, दुकान आहे, पण गिऱ्हाईक फिरकत नाहीं. आमचें स्पष्ट मत असें कीं, दोष बहुधा मालांत नसून मालाच्या पानावर केलेल्या नोंदींत असतो.

आमचें उभें आयुष्य महसुली दप्तर सांभाळण्यांत गेलें. शेत कितीही कसदार असो, सातबाऱ्यावर गट नंबर, क्षेत्र, भोगवटादाराचें नांव व पीकपाणी बरोबर चढलें नसेल तर कचेरीच्या लेखीं तें शेत सांपडत नाहीं. गूगल या शोधयंत्राचेंही तसेंच आहे. त्याचे यांत्रिक पाहणीदार पानोपानीं हिंडून जें लिहिलेलें आढळेल तें सूचींत टिपून घेतात, आणि कोणी शोध घेऊं लागला म्हणजे त्या सूचींतून पानें काढून पुढें ठेवितात. तांदळाचा वास त्यांस येत नाहीं.

आजऱ्याच्या घनसाळाचेंच पाहावें. या सुवासिक तांदळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्याच्या पानावर नुसतें 'उत्तम तांदूळ' असें लिहिलें तर असंख्य उत्तम तांदळांच्या गर्दींत तें बुडालें म्हणून समजावें. जाणतें गिऱ्हाईक 'आजरा घनसाळ तांदूळ ५ किलो' असें शोधतें. कोणी तेंच रोमन लिपींत लिहितो. सबब मथळ्यांत जात, गांव व वजन यावें, आणि खालीं वर्णनांत रोमन रूपही एकदां यावें. वर्णनास प्रतिभा लागत नाहीं. गिऱ्हाईक फोनवरून जें विचारतें तेंच लिहावें : कोणत्या सालचा, नवा कीं जुना, हातसडीचा कीं पॉलिश केलेला, मोकळा शिजतो कीं चिकट, पाणी किती घालावें. छायाचित्रासोबत दोन शब्द लिहिण्याची जी सोय असते तीही मोकळी सोडूं नये.

दुसऱ्या दुकानाचें वर्णन उतरून घेणें ही खोड सर्वांत वाईट. २०११ सालीं गूगलनें 'पांडा' नांवाचा फेरबदल करून निःसत्त्व व उसन्या मजकुराचीं पानें मागें सारिलीं. कित्येक जण अद्यापि पानाच्या पोटांतील 'कीवर्ड' टॅगमध्यें शब्दांच्या माळा ओंवतात; क्रम लावतांना आपण तो टॅग विचारांत घेत नाहीं, असें गूगलनें २००९ सालींच जाहीर केलें आहे. एकच शब्द वीस वेळां घोळणें म्हणजे एका अर्जावर वीस सह्या करणें होय. अर्ज लवकर निघत नाहीं, उलट कारकून संशयानें पाहूं लागतो. (असे अर्ज आम्हीं पाहिले आहेत.)

या अज्ञानावर कांहीं दलालांचा धंदा चालला आहे. 'एका महिन्यांत पहिला नंबर, हमखास' असें सांगून ते पैसे नेतात. अशी हमी कोणासही देतां येत नाहीं, हें गूगलच्याच लेखी मार्गदर्शनांत नमूद आहे.

मोठ्या व्यापाऱ्यांपुढें आपला निभाव कसा लागावा, असें कोणी म्हणेल. 'तांदूळ' एवढ्या शब्दावर तो लागणारही नाहीं. परंतु नेमकी वस्तु मागणाऱ्यास नेमकें उत्तर देणें आपल्या हातीं आहे. खरी भीति निराळीच आहे. साधा तांदूळ घनसाळ म्हणून खपविणारा आपलें पान मोठ्या काळजीनें लिहितो. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्यान्वयें खोटें मानांकन लावणें गुन्हा आहे खरा, पण खटल्याचा निकाल लागेपर्यंत हंगाम निघून जातो आणि ज्यानें तें भात पिकविलें त्याचें पान कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

माल संपला म्हणून पान पुसूं नये. तोच पत्ता कायम ठेवून नवा माल केव्हां येईल तें लिहावें. दर साल नवें पान काढणारा आपली जुनी वहिवाट गमावतो.

मंडळानें दलालास देण्याची रक्कम वांचवून गांवांतील शिकलेल्या मुलामुलींकडून प्रत्येक सभासदाचीं पानें लिहवून घ्यावींत, आणि तीं शेतकऱ्यास वाचून दाखवून मगच चढवावींत. हें काम भात कापणीस येण्यापूर्वीं उरकलें पाहिजे, कारण पान सूचींत चढण्यास कांहीं दिवस, कधीं कांहीं आठवडेही लागतात.