वैमानिकाला ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर

बंगळूर शहरातून उत्तरेकडे निघालेला बळ्ळारी रस्ता हेब्बाळच्या तलावाच्या कडेने पुढे येलहंक्याकडे जातो. हेब्बाळला भारतीय हवाई दलाच्या प्रशिक्षण कमांडचे मुख्यालय आहे आणि येलहंक्याला हवाई दलाचा तळ. १९९६ पासून ‘एअरो इंडिया’ हे विमानांचे प्रदर्शन भरते तेही येलहंक्यालाच. त्यामुळे डोक्यावरून घरघरत जाणाऱ्या विमानांचे या भागातल्या लोकांना फारसे अप्रूप नाही. विमान दिसले की मुले मान वर करतात आणि मोठ्यांच्या डोळ्यांसमोर रुबाबदार वैमानिक उभा राहतो. पण त्या वैमानिकाने आज उडायचे की घरी बसायचे हे सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, तो माणूस सहसा कोणाला आठवत नाही. तो म्हणजे हवाई दलाचा डॉक्टर, ‘फ्लाइट सर्जन’.

नावात सर्जन असला तरी त्याच्या हातात सुरी क्वचितच असते. हे नाव १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, अमेरिकी लष्करात रूढ झाले. शत्रूच्या गोळीइतकाच वैमानिकाचा स्वत:चा देहही त्याचा घात करतो, हे तोवर लक्षात आले होते. इतर डॉक्टर बिघडलेल्या शरीरावर साध्या वातावरणात उपचार करतात. या डॉक्टरचे काम नेमके उलटे आहे. त्याच्यापुढे असतो ठणठणीत माणूस, आणि तो जाणार असतो माणसाला न मानवणाऱ्या वातावरणात.

हसत हसत येणारे संकट

हे वातावरण किती फसवे असते याचा धडा फार जुना आहे. १५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तिघेजण आठ हजार मीटरहून अधिक उंचीवर गेले. त्यांच्याजवळ प्राणवायू होता. पण तो घ्यायची वेळ आली तेव्हा हात उचलण्याचेही त्राण उरले नव्हते. सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली हे दोघे मृत्युमुखी पडले. तिसरा, गास्तों तिसांदिए, वाचला, पण बहिरा झाला. त्रास होण्याऐवजी आत एक आनंद भरून येत होता, असे त्याने नंतर लिहून ठेवले.

प्राणवायू कमी पडला की माणूस घाबरत नाही, उलट खुशीत येतो. मेंदू मंदावतो आणि तो मंदावला आहे हे कळण्याची शक्तीही त्याच्याबरोबर जाते. पंचवीस हजार फुटांवर प्राणवायूचा मुखवटा निघाला तर शहाण्यासारखे वागायला जेमतेम तीन ते पाच मिनिटे मिळतात. पस्तीस हजार फुटांवर एक मिनिटही धड मिळत नाही.

म्हणूनच वैमानिकांना जमिनीवरच एका बंद खोलीत बसवून, आतली हवा विरळ करून हा अनुभव दिला जातो. मुखवटा काढून त्यांना सोपी वजाबाकी करायला सांगतात. थोड्याच वेळात आकडे वेडेवाकडे होतात, अक्षर घसरते, तरी आपले सारे बरोबर चालले आहे असेच प्रत्येकाला वाटत असते. मुखवटा पुन्हा चढवल्यावर स्वत:चाच कागद बघून तो चकित होतो. कोणाची बोटे मुंग्या आल्यासारखी होतात, कोणाला चेहरा गरम वाटतो. आपले शरीर धोक्याचा इशारा कसा देते, हे ज्याने त्याने त्या खोलीत शिकून घ्यायचे असते.

दुसरा शत्रू म्हणजे वेगाने घेतलेले वळण. लढाऊ विमान झटकन वळते तेव्हा वैमानिकाचे वजन अनेक पटींनी वाढते. नऊ पट भार आला तर साठ किलोचा माणूस ५४० किलोचा होतो. रक्त पायांकडे ओढले जाते, डोळ्यांपुढचे रंग फिके पडतात, मग अंधारी येते आणि शेवटी शुद्ध हरपते. त्यावर उपाय म्हणून पाय आणि पोट आवळून धरणारा खास पोशाख असतो. पण तेवढ्याने भागत नाही. पायांचे आणि पोटाचे स्नायू ताठ करून, श्वास ठराविक रीतीने रोखून रक्त मेंदूकडे टिकवून धरण्याची कसरत शिकावी लागते. तिचा सराव एका लांब हाताच्या टोकाला बसवलेल्या पाळण्यात होतो. हा पाळणा गरगर फिरतो तेव्हा समोरच्या पडद्यावर वैमानिकाच्या चेहऱ्याकडे आणि हृदयाच्या आलेखाकडे डॉक्टर डोळ्यात तेल घालून पाहत असतो.

भारतात या साऱ्याचे माहेरघर बंगळूरच आहे. शहराच्या पूर्वेला, जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर हवाई दलाची ‘इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन’ ही संस्था आहे. १९५७ साली हवाई वैद्यकाची शाळा म्हणून तिची सुरुवात झाली. राकेश शर्मा १९८४ साली अंतराळात गेले, त्याआधीच्या निवडीच्या कठोर तपासण्या येथेच झाल्या. पुढे ‘गगनयान’साठी हवाई दलातून उमेदवार निवडतानाही पहिली चाळणी याच संस्थेत लागली.

आजारी आईची मुलगी

या क्षेत्रातले भारतातले सर्वांत मोठे नाव एका स्त्रीचे आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पद्मा बंदोपाध्याय यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९४४ रोजी तिरुपतीला झाला. त्या वाढल्या दिल्लीत. आई क्षयाने अंथरुणाला खिळलेली. ज्या वयात मुली भातुकली मांडतात त्या वयात पद्मा आईची शुश्रूषा करत होती. औषधांचा वास आणि डॉक्टरांच्या फेऱ्या हेच तिचे बालपण. शेजारी लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. एस. पद्मावती राहत. पुढे हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव देशभर झाले. आपल्याच नावाची ही डॉक्टर बाई पाहून मुलीच्या मनाने घेतले की आपणही डॉक्टर व्हायचे.

शाळेतले विषय मात्र कला शाखेचे होते. तेथून विज्ञानाकडे वळणे सोपे नव्हते. तरीही त्या वळल्या आणि १९६३ साली पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. १९६८ साली हवाई दलाचा गणवेश अंगावर चढला. बंगळूरच्या हवाई दल रुग्णालयात असतानाच सतीनाथ बंदोपाध्याय या हवाई दलातल्या अधिकाऱ्याशी ओळख झाली आणि पुढे लग्न झाले. याच रुग्णालयात विजयालक्ष्मी रमणन यांनीही काम केले होते. १९५५ साली हवाई दलात आलेल्या त्या पहिल्या महिला अधिकारी, आणि त्याही डॉक्टरच.

१९७१ च्या युद्धात पती-पत्नी दोघेही पंजाबात हलवारा तळावर होते. त्या काळातल्या कामगिरीबद्दल दोघांनाही विशिष्ट सेवा पदक मिळाले. एकाच समारंभात राष्ट्रपतींच्या हस्ते पदक घेणारे हवाई दलातले ते पहिलेच जोडपे ठरले. नंतर पद्माताईंनी हवाई वैद्यकात विशेष प्रावीण्य मिळवले. १९७८ साली वेलिंग्टनच्या संरक्षण सेवा स्टाफ महाविद्यालयाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी. अतिउंचीवर आणि कडाक्याच्या थंडीत शरीराचे काय होते याच्या अभ्यासासाठी त्या उत्तर ध्रुव प्रदेशातही जाऊन आल्या. दिल्लीच्या ज्या केंद्रात हवाई दलातल्या वैमानिकांची अंतिम वैद्यकीय तपासणी होते, त्या केंद्राच्याही त्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. २००२ साली एअर व्हाइस मार्शल, २००४ साली एअर मार्शल. हवाई दलात या पदापर्यंत पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पदके आणि पदे यांची यादी मोठी आहे. पण या पेशातले खरे अवघड काम त्या यादीत दिसत नाही.

मित्र की पंच?

साध्या सर्दीचेच उदाहरण घ्या. कचेरीतला माणूस नाक पुसत कामावर जातो. वैमानिकाला तशी मुभा नाही. विमान खाली उतरू लागले की बाहेरचा दाब वाढतो. नाक चोंदलेले असेल तर कानाच्या आतला दाब त्याच्याशी जुळत नाही. पडदा आत ओढला जातो, असह्य कळ येते, प्रसंगी गरगरते, आणि तेही धावपट्टी समोर असताना. सर्दीची गोळी घेऊन उडावे तर तिच्याने गुंगी येते. म्हणून डॉक्टरला न विचारता साधी गोळीसुद्धा घ्यायची नाही, असा दंडक असतो.

आता वैमानिकाच्या बाजूने पाहा. त्याच्यासाठी उडणे हा नुसता पगार नाही, ती त्याची ओळख आहे. डॉक्टरने चार दिवस जमिनीवर बसवले तरी त्याला जिव्हारी लागते. आणि रक्तदाब, हृदय किंवा पाठीचा कणा यांत काही निघाले तर? वैद्यकीय श्रेणी खाली येणार, कदाचित कायमची. म्हणून खोट दडवण्याचा मोह होतो. डॉक्टरच्या खोलीत धडधाकट पायांनी शिरायचे आणि बाहेर पडताना फक्त दोनच शक्यता: होता तसाच किंवा उणा. अशा डॉक्टरशी कोण मोकळेपणाने बोलेल?

या कोड्याला उपाय एकच, तो म्हणजे सहवास. चांगला फ्लाइट सर्जन दवाखान्यात बसून राहत नाही. तो वैमानिकांबरोबर चहा पितो, मेसमध्ये जेवतो, संधी मिळेल तेव्हा त्यांच्याबरोबर विमानातही बसतो. कोणाच्या घरी तान्हे मूल रात्रभर रडते आहे, कोणाचे वडील अत्यवस्थ आहेत, नेहमी थट्टामस्करी करणारा कोण दोन दिवस गप्प आहे, हे त्याच्या कानावर येते. तपासणीच्या यंत्राला जे दिसत नाही ते चहाच्या टेबलावर दिसते. पुष्कळदा घरच्या बाईला ते सर्वांत आधी कळलेले असते. नवऱ्याला झोप लागत नाही, हे ती विश्वासाने सांगू शकेल असे डॉक्टरशी नाते हवे.

मात्र हीच जवळीक एके दिवशी कसोटीला लावते. कालपर्यंत ज्याच्या खांद्यावर हात टाकला त्यालाच ‘तू उडायचे नाहीस’ असे सांगावे लागते. स्क्वॉड्रनला माणसे कमी पडत असली तरी सांगावे लागते. तेथे डॉक्टर कचरला तर एक जीव, एक विमान आणि कदाचित खालच्या वस्तीतली माणसेही पणाला लागतात. उलट अतिसावधपणे प्रत्येकाला बसवत सुटला तर पुढच्या वेळी कोणी त्याच्याकडे फिरकणारच नाही. मग दुखणी लपतील आणि ती आकाशातच उघडी पडतील. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नियमाने मिळतो. ते ‘नाही’ ऐकून घेतले जाईल एवढा विश्वास मात्र रोज थोडा थोडा मिळवावा लागतो. आणि ‘नाही’ म्हटल्यावर काम संपत नाही. उपचार करून, पुन्हा तपासून त्याच माणसाला विमानाच्या शिडीपर्यंत पोहोचवणे हीदेखील डॉक्टरचीच जबाबदारी.

स्वत:वरच प्रयोग

या डॉक्टरांच्या कष्टांचे फळ जमिनीवरच्या माणसांनाही मिळाले आहे. अमेरिकेच्या हवाई दलातले डॉ. जॉन पॉल स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी स्वत:ला रॉकेटच्या गाडीला बांधून घेतले. ताशी एक हजार किलोमीटरहून अधिक वेगाने धावलेली ती गाडी सव्वा-दीड सेकंदात थांबली. ४६ पट भार त्यांच्या शरीराने सोसला. डोळ्यांत रक्त उतरले, पण ते वाचले, ते पट्ट्यांनी घट्ट बांधलेले असल्यामुळे. पुढे हवाई दलातली माणसे मोटार अपघातांत मरताना पाहून त्यांनी मोटारींतही पट्टे असावेत म्हणून सतत आग्रह धरला. आज मोटारीत बसल्यावर पट्टा लावण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी त्यांची आठवण ठेवावी.

विमानाने प्रवास करणाऱ्या कुटुंबांनाही या शास्त्रातून दोन साध्या गोष्टी घेण्यासारख्या आहेत. सर्दीने कान गच्च भरले असतील तर प्रवासाआधी डॉक्टरांना विचारावे. आणि विमान खाली उतरत असताना तान्ह्या बाळाला अंगावर पाजावे किंवा दुधाची बाटली द्यावी. गिळण्याच्या हालचालीने कान मोकळे होतात आणि बाळ रडायचे थांबते.

वैद्यकीय शिक्षण घेऊन सैन्यात जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी ही वाट खुली आहे. पुण्याच्या महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. होऊन हवाई दलात नेमणूक मिळाली, तर पुढे बंगळूरच्या संस्थेत हवाई वैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. या वाटेवर मोठे दवाखाने नाहीत, नावाच्या पाट्या नाहीत. इतर डॉक्टरांना रोगी बरा झाला की दुवा मिळतो. फ्लाइट सर्जनचे यश मात्र न झालेल्या अपघातात असते, आणि न झालेल्या अपघाताबद्दल आभार मानायला कोणी येत नाही. संध्याकाळी सगळी विमाने परत आली, माणसे हसत-बोलत खाली उतरली, एवढीच त्याची पावती.