बाहुलीची खोली

बाहुल्या मांडायच्या किंवा त्यांचे फोटो काढायचे म्हटलं की हल्ली आधी मागचं दृश्य विकत आणायची भाषा सुरू होते. गुलाबी भिंतींचं छापील फ्लेक्स, प्लास्टिकचा तयार बंगला, त्यातला तयार सोफा. माझं मत विचाराल तर बाहुलीची खोली घरीच करावी, घरातल्याच खोक्यांची आणि चिंध्यांची करावी, आणि ज्या मुलीची बाहुली आहे तिनं ती करावी. पैसे वाचतात हे खरंच. पण तेवढंच असतं तर मी एवढं टंकत बसले नसते.

आधी कृती सांगते, कारण मागच्या आठवड्यात दोन बहिणींनी फोन करून तीच विचारली.

किराणा दुकानातून जाड पुठ्ठ्याचं मोठं खोकं मागून आणायचं. आपल्याकडे बहुतेक मुलींजवळ असते ती बार्बीच्या उंचीची, म्हणजे साडेअकरा इंचांची बाहुली. तिचं माप माणसाच्या साधारण एक षष्ठांश. म्हणून हिशोब अगदी सोपा: खऱ्या घरातल्या एका फुटाला दोन इंच. सात फुटांचं दार चौदा इंचांचं, दहा फुटांची भिंत वीस इंचांची. हे एकदा पाठ झालं की पुढे फारसं अडत नाही. भातुकलीचा पितळी बंब कितीही गोड असला तरी तो या खोलीत पाण्याच्या टाकीसारखा दिसतो, हेही त्याच हिशोबानं कळतं. :)

दोन भिंती पुरतात. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हाळ्या उभ्या राहतील अशा कापायच्या, म्हणजे भिंत वाकत नाही. दोन्ही भिंतींच्या सांध्याला मागून जुन्या धोतराची पट्टी चिकटवायची. पुस्तकासारखी घडी होते आणि सगळी खोली कपाटामागे सरकवता येते. जमीन वेगळी ठेवायची. चिकटवायला तांदळाची खळ उत्तम, भंडाऱ्यात तिला काय तोटा! मात्र कागद पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना लावा आणि वाळेपर्यंत वर वजन ठेवा. एकाच बाजूला लावला तर वाळताना तो पुठ्ठ्याला ओढतो आणि भिंतीचं धनुष्य होतं.

बाकी सामान घरातच असतं. लग्नपत्रिकांची दारं आणि तसबिरी होतात, काडेपेट्यांचे ड्रॉवर होतात, साडीच्या काठाचा पडदा होतो. आमच्याकडे आंधळगावच्या कोशाच्या साडीचा एक फाटका पदर होता. त्या मधासारख्या रंगाची भिंत फोटोत इतकी छान येते की विचारू नका, कारण ती चकाकत नाही. चकचकीत कागद मात्र टाळा, त्यावर उजेडाचा पांढरा डाग पडतो. कापडावरची नक्षी बारीक हवी. आपल्या अभ्र्यावरचं गुलाबाचं फूल बाहुलीच्या भिंतीवर परातीएवढं दिसतं.

खिडकी खरीच कापा. तिच्यामागे चार बोटं सोडून जुन्या कॅलेंडरवरचं झाडांचं चित्र उभं करा, म्हणजे मधल्या फटीतून उजेड येतो आणि बाहेर खरंच काही आहे असं वाटतं. फोटो सकाळी, घरातल्या खिडकीजवळ काढा. समोरून पांढरा कागद धरला की चेहऱ्यावरची सावली कमी होते. बाहुली भिंतीला टेकवू नका, वीतभर पुढे ठेवा. आणि मोबाइल तिच्या छातीच्या उंचीवर आणा. आपण उभं राहून वरून फोटो काढतो तेव्हा ती खेळणं दिसते. खाली वाकलं की ती त्या खोलीत राहणारी बाई दिसते.

झाली कृती. आता मुद्द्यावर येते.

हे सगळं आपल्याला नवं नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात भुलाबाई बसतात. भुलाबाई आणि भुलोजींच्या त्या मातीच्या मूर्ती, त्यांच्यावर ज्वारीच्या धांड्यांची माडी. शेतात मिळेल त्याचंच घर, आणि ते बांधणाऱ्या घरच्याच मुली-बाया. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, झाडीपट्टीची नाटकं लागतात. तिथे रंगवलेला पडदा सुटला की राजवाडा, आणि प्रेक्षक तो बिनतक्रार मान्य करतात. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणणारे बाबूराव पेंटरही आधी नाटकांचे पडदेच रंगवत. थोडक्यात, कापडावर आणि काड्यांवर घर उभं करायची कला आपल्या हाडीमांसी आहे. अलीकडे मात्र आपण ती दुकानदाराकडे सोपवली. मखर थर्माकोलचं झालं, २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तर आपण छापील फ्लेक्सकडे वळलो. पुठ्ठा आणि धांडे तिथेच पडून राहिले.

पण विकतच्या खोलीवर माझा खरा आक्षेप वेगळा आहे. त्या खोलीत काय असावं हे आधीच कोणीतरी ठरवलेलं असतं.

माझ्या दहा वर्षांच्या भाचीनं उन्हाळ्यात अशी खोली केली. मी फक्त कटर चालवला. एक पलंग, एक टेबल, काडेपेट्यांच्या कागदाची बारकी बारकी पुस्तकं, एक खिडकी. आणि दाराला काडीची कडी, आतून लागणारी. घरातल्या एका ज्येष्ठ बाईंनी पाहिलं आणि विचारलं, “काऊन वं, हिची चूल कुठी आहे?” पोरीनं मान वर न करता उत्तर दिलं, “ती मेसचा डबा आणते.” सगळे हसले. मीही हसले. पण ती आतली कडी माझ्या डोक्यातून जाईना.

कारण ही पोर रात्री आजीजवळ झोपते आणि जेवणाच्या टेबलावर, ताटं यायच्या आधी, अभ्यास आटोपते. घरात वरची एक खोली आहे, ती तिच्या दादाची. दादा बारावीला आहे म्हणून, असं कारण सांगतात. पण दादा पाचवीत होता तेव्हाही ती त्याचीच होती. यात कोणी दुष्ट नाही, मंडळी. आपल्या बहुतेक घरांत हेच आहे. मुलगी एक दिवस जायचीच, तिला कशाला वेगळी खोली, हे कोणी मोठ्यानं म्हणतही नाही. जागेचं वाटप आपोआप तसं होत जातं.

गंमत बघा, १९६२ साली अमेरिकेत बार्बीचं पहिलं ‘ड्रीमहाउस’ विक्रीला आलं तेही पुठ्ठ्याचंच होतं, घडी करून उचलता येणारं. त्यात पलंग होता, पुस्तकं होती, गाणी ऐकायचं यंत्र होतं, आणि स्वयंपाकघर नव्हतं! त्या काळी तिथे बाईला कर्ज द्यायचं तर बँका नवऱ्याची नाहीतर वडिलांची सही मागू शकत. असा भेदभाव करू नये हा कायदा व्हायला १९७४ उजाडलं. म्हणजे पुठ्ठ्याच्या घरात बाई बारा वर्षं आधी राहायला गेली.

आपल्याकडे उलटं झालंय असं मला वाटतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात बदल करून लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर सगळ्या मुलींना मिळाला. सातबाऱ्यावर हिस्सा आला, पण घरात टेबल ठेवायला कोपरा आला नाही.

आता कोणी म्हणेल, खेळण्यातून इतका अर्थ काढायचं काय कारण? एका काडीच्या कडीवरून कसला निष्कर्ष? निष्कर्ष मी काढतच नाही. उद्या दुसरी मुलगी तिच्या खोलीत तीन चुली मांडेल, पाटा-वरवंटाही ठेवेल. तेही छान. आजीच्या स्वयंपाकघराची हुबेहूब नक्कल करणाऱ्या मुलीला त्या घराचं मोल मोठ्यांहून जास्त कळलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच की रिकामा पुठ्ठा समोर असला तर मुलीला ठरवावं लागतं, आणि तिनं काय ठरवलं ते आपल्याला दिसतं. छापील गुलाबी भिंत आणली की तिनं ठरवायचं काही उरतच नाही, फक्त बाहुली उभी करायची.

म्हणून आणखी एक विनंती, विशेषतः आमच्या हौशी मावश्या-काकूंना. खोली करताना पोरींच्या हातातून कात्री घेऊ नका. पट्टी वाकडी लागेल, खिडकी तिरपी होईल, होऊ द्या. “इथे देवघर कर, इथे ओटा कर” असं सांगू नका. फोटो तुमच्याइतका सुबक येणार नाही, पण खोली तिची असेल.

भाचीच्या घरी परवा गेले होते. वरची खोली अजून दादाचीच आहे. पण मधल्या खोलीतलं शिवणयंत्र हलवून तिथे एक लहान टेबल लागलंय, त्यावर तिची पुस्तकं. वहिनी म्हणाली, “सध्या एवढंच जमलं.” दार अर्थातच नाही तिथे, कडीचा प्रश्नच नाही. वहिनी जुन्या साडीचा पडदा लावायचं म्हणतेय.

असो. या सुट्टीत खोकं फेकू नका. दोन भिंती कापून घरातल्या मुलीच्या पुढ्यात ठेवा आणि तिनं काय काय मांडलं ते मला जरूर कळवा.