दहा मीटरचा बफर

नकाशांवर काम करणारं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, त्यात 'बफर' नावाची एक सोय असते. एखादी रेघ निवडायची, अंतर टाकायचं आणि बटण दाबायचं. रेघेच्या दोन्ही बाजूंना तेवढ्या रुंदीचा पट्टा आखला जातो. मग त्या पट्ट्यात काय काय येतं ते मोजायचं. मी पोटापाण्यासाठी जे काम करतो त्यात हे दिवसातून दहादा होतं. आमच्याकडे रेघ म्हणजे रस्ता आणि मोजायचे ते ग्राहक.

मुंबईत तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना असाच दहा मीटरचा पट्टा आखला गेला. शहराला पाणी पुरवणाऱ्या वाहिनीला घातपाताचा धोका नको, म्हणून तिच्यालगतच्या झोपड्या हटवा, अशी जनहित याचिका उच्च न्यायालयात झाली. न्यायालयाने आदेश दिला आणि महापालिकेने पट्ट्यातली घरं पाडायला घेतली. २०१७ पासून त्यातल्या हजारो कुटुंबांना माहुलला पाठवलं गेलं. तिथे प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या ७२ इमारती होत्या. घरं तयार होती, रिकामी होती आणि सरकारच्या ताब्यात होती. कागदावर प्रश्न सुटला.

माहुलला गेला असाल तर त्या घरांना शेजार कशाचा आहे ते तुम्हाला सांगायला नको. तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या साठवणुकीच्या टाक्या, खतकारखाना, वीजकेंद्र. माहुल आणि आंबापाडा इथल्या रहिवाशांच्या आरोग्याला तिथल्या हवेमुळे धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच नोंदवून ठेवलं होतं. म्हणजे पहिलं बिऱ्हाड तिथे जाऊन पडण्याच्या दीड वर्ष आधी.

माझी तक्रार इथून सुरू होते. सरकारकडे नकाशा होता, तो वापरणारी माणसं होती, दहा मीटरचा हिशोब घरागणिक काढण्याची चिकाटीही होती. तरी तोच बफर तेलाच्या टाक्यांभोवती टाकून पाहावा, असं त्या अख्ख्या यंत्रणेत कुणालाही वाटलं नाही, आणि वाटलं असेल तर ते कुठल्या निर्णयात उतरलं नाही. माणसांपासून पाण्याला किती धोका आहे ते मीटरमध्ये मोजलं गेलं. कारखान्यांपासून माणसांना किती धोका आहे ते मोजायचं राहून गेलं.

हे आपोआप राहून जात नाही. नकाशात कुठला थर घ्यायचा आणि कुठला नाही, हे कुणीतरी ठरवतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की प्रदूषण कुठे आहे आणि तिथे कोण राहतं, हे दोन थर एकावर एक ठेवलेला सरकारी नकाशा आपल्याला हवा, आणि तो पाहिल्याशिवाय सही करता येऊ नये, असा कायदा हवा. यातलं एक असून दुसरं नसेल तर उपयोग नाही.

असा नकाशा म्हणजे काही स्वप्नरंजन नव्हे. १९८२ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरेन परगण्यात, कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या भागात, विषारी पीसीबी मिसळलेली माती पुरायचं ठरलं. लोक रस्त्यावर आडवे झाले, शेकड्यांनी अटक करून घेतली. माती शेवटी तिथेच पुरली गेली, पण प्रश्न पुरला गेला नाही. १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या चर्चच्या आयोगाने देशभरातली घातक कचऱ्याची ठिकाणं आणि पिनकोडनिहाय लोकसंख्या यांची सांगड घातली. कचरा कुठे जातो याचा सर्वांत पक्का अंदाज तिथल्या लोकांच्या वंशावरून येतो, उत्पन्नापेक्षाही अधिक पक्का, असं त्यातून निघालं. रस्त्यावर आडव्या झालेल्यांना हे आधीच माहीत होतं. पण आता ते 'तुमच्या गावापुरतं असेल' म्हणून उडवून लावता येईना.

१९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरणीय न्यायाचा कार्यकारी आदेश काढला. २०१५ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 'ईजेस्क्रीन' हे साधन सर्वांना खुलं केलं. कुठल्याही मोहल्ल्यावर बोट ठेवायचं आणि तिथली हवा, रहदारी, घातक कचऱ्याची जवळीक आणि सोबत तिथल्या लोकांचं उत्पन्न, वंश हे सगळं एकत्र पाहायचं. कॅलिफोर्नियाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. २०१२ च्या कायद्याने ठरवलं की कार्बन परवान्यांच्या लिलावातून येणाऱ्या हवामान निधीपैकी किमान पाव हिस्सा प्रदूषणाने आणि गरिबीने पिचलेल्या वस्त्यांच्या फायद्यासाठी लागला पाहिजे. त्या वस्त्या कुठल्या, हे ठरतं 'कॅलएन्व्हायरोस्क्रीन' या नकाशावरून.

पुढे काय झालं तेही पाहा. जानेवारी २०२५ मध्ये क्लिंटन यांचा आदेश रद्द झाला आणि फेब्रुवारीत ईजेस्क्रीन सरकारी संकेतस्थळावरून गायब झालं. माझ्यासारख्याच काही लोकांनी त्याची प्रत जपून ठेवली होती, ती त्यांनी पुन्हा उभी केली. त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण ती प्रत उघडून पाहण्याचं बंधन आता कुठल्या अधिकाऱ्यावर आहे? कुणावरच नाही. कॅलिफोर्नियाचा नकाशा मात्र टिकून आहे, कारण त्याच्या मागे विधिमंडळाचा कायदा आहे. जे एका सहीने येतं ते एका सहीने जातं.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे काहीच नाही असं नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ८८ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. ४३ क्षेत्रं 'अतिगंभीर' ठरली. आपलं चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून देशात चौथं आलं. जानेवारी २०१० मध्ये या क्षेत्रांतल्या नव्या प्रकल्पांवर तात्पुरती बंदीही आली. म्हणजे आकडा निर्णयाला जोडला की सरकार हलतं, हे आपण पाहिलेलं आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या मंडळाने कारखान्यांच्या धुराड्यातून निघणाऱ्या कणांवरून त्यांना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली आणि ते लोकांसमोर ठेवले. तेव्हा 'आमच्याकडे क्षमता नाही' हे कारण मला पटत नाही.

उणीव दुसरीच आहे. त्या निर्देशांकात प्रदूषणाचा फटका किती लोकांना बसतो याला गुण होते. ते लोक कोण, हा प्रश्नच नव्हता. आणि आपल्या देशात 'कोण' म्हणजे काय, हे न बोलता सगळ्यांना कळतं. गावकूस हा शब्द आपल्या भाषेत आहे. त्याच्या बाहेर कोण राहत होतं, मेलेली ढोरं कुठे ओढली जात, गावाचं सांडपाणी कुठल्या दिशेला सोडलं जाई, हे ठरवणारा नकाशा कुणी कागदावर काढला नव्हता, तरी तो शतकानुशतकं चोख पाळला गेला. शहरात आल्यावर तो पुसला गेला असं ज्यांना वाटतं, त्यांनी देवनारला जावं. १९२७ पासून मुंबई आपला कचरा तिथे टाकते आहे. त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहतं आणि त्या डोंगरावर कोण कचरा वेचतं, ते पाहावं.

'जातीचा आणि हवेचा काय संबंध?' असं मला माझ्याच क्षेत्रातले मित्र विचारतात. संबंध नसेल तर तसंही आकड्यांत दिसेल की! मोजायला भीती कशाची? २०११ नंतर आपल्याकडे जनगणना झालेली नाही. पुढची २०२७ मध्ये आहे आणि तिच्यात जातींची मोजणी होणार आहे. ती माहिती आरक्षणाच्या भांडणापुरती ठेवायची की तिच्यावर धुराड्यांचा, कचराभूमींचा, नाल्यांचा थर ठेवून पाहायचा, हे आत्ताच ठरवावं लागेल. माहिती कुठल्या एककावर जाहीर करायची, हे एकदा ठरून गेलं की पुढची दहा वर्षं कुणी काही करू शकत नाही.

हे एककाचं प्रकरण वाटतं तेवढं किरकोळ नाही. मुंबईचा एम-पूर्व विभाग घ्या. महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात तो शहरात तळाला होता. पण याच विभागात गोवंडीचं शिवाजीनगर येतं आणि अणुशक्तीनगरची झाडांनी भरलेली वसाहतही येते. दोन्हींची सरासरी काढली तर जो माणूस तयार होतो, तो त्या विभागात कुठेही राहत नाही. विभागनिहाय सरासरी छापणं हा अन्याय झाकण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे, कारण त्यात एकही आकडा खोटा नसतो.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी आकडेवाल्यांची बाजू घेतो आहे. तर त्यांच्याविषयीही बोलतो, कारण मी त्यांच्यातलाच आहे.

आम्ही तिघा मित्रांनी काही शनिवार-रविवार खर्चून चेंबूर-माहुल पट्ट्याचा एक नकाशा केला होता. हवामापन केंद्रांची आकडेवारी उतरवून घेतली, ओपनस्ट्रीटमॅपवरून टाक्या आणि इमारती घेतल्या, पीडीएफमधले तक्ते हाताने टंकले. रंग छान जमले होते. तो घेऊन आम्ही तिथल्या एका मावशींच्या घरी गेलो. त्यांनी हिरवट रंगाच्या एका दिवसावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा दिवस चांगला होता म्हणतोस?" मी म्हटलं, "आकड्यांप्रमाणे हो." त्या म्हणाल्या, "बाळा, वास रात्री येतो. तुझं मशीन दिवसाचा आणि रात्रीचा हिशोब एकत्रच करतं का?"

करतं. चोवीस तासांची सरासरी असते ती. आणि गोष्ट तिथेच थांबत नाही. आपला हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवरून काढतात. त्यांत बेंझीन नाही. बेंझीनसाठी राष्ट्रीय मानक आहे, पण ते वार्षिक सरासरीचं. टोल्युइन, झायलीन यांच्यासाठी सभोवतालच्या हवेचं राष्ट्रीय मानकच नाही. रसायनं भरताना-उतरवताना टाक्यांतून उडणारी वाफ म्हणजे नेमकी हीच मंडळी. म्हणजे रात्री दोन वाजता मावशींच्या नाकाला जे कळतं, ते आमच्या नकाशात यायला जागाच नव्हती. आम्ही आकडे प्रामाणिकपणे रंगवले आणि त्यांच्याविरुद्धचा एक पुरावा तयार करून ठेवला.

'डेटा बोलतो' हे आमच्या क्षेत्रातलं लाडकं वाक्य आहे. डेटा बोलत नाही. ज्याने यंत्र कुठे बसवायचं आणि काय मोजायचं ते ठरवलं, तो बोलतो. म्हणून वस्तीतल्या लोकांना नकाशा शेवटी 'दाखवायला' नेणं हा उलटा क्रम झाला. काय मोजायचं हे ठरवताना ते हजर हवेत.

दुसरा धडा एका सरकारी कार्यालयात मिळाला. दुरुस्त केलेला नकाशा घेऊन आम्ही तिथे गेलो. साहेबांनी चहा पाजला, नकाशा मोठा करून पाहिला, "आपल्यासारख्या तरुणांनी पुढे यायला हवं" म्हणाले आणि पॉवरपॉइंट पाठवायला सांगितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण तो नकाशा पाहून त्यांनी काय करायचं, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. कारखान्याच्या संमतीपत्राच्या अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. रकाना नसेल तर फाइल पुढे जायला त्याची गरज नसते.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप वस्त्यांमधूनच येतो, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. नकाशा आला की मागोमाग बुलडोझर येतो, हा त्यांचा अनुभव आहे. 'इथली हवा घातक' असा शिक्का बसला की त्याच कारणाने घरं हटवतील, मोकळी झालेली जमीन बिल्डरला जाईल, आणि कारखाना आहे तिथेच राहील. भीती रास्त आहे. तानसाच्या पट्ट्याचा नकाशा असाच आला होता. पण नकाशा न काढल्याने ही माणसं सुरक्षित राहतात असंही नाही. पाडायचं असतं तेव्हा ती मीटरमध्ये सापडतात, वाचवायचं असतं तेव्हा सापडत नाहीत. म्हणून कायद्यात हेही लिहिलेलं हवं की या नकाशाच्या आधारे घर हटवता येणार नाही. कारवाई करायची ती प्रदूषणाच्या उगमावर. आणि लोकांनीच जायचं ठरवलं, तर कुठे जायचं हेही त्यांनीच ठरवायचं.

मागण्या फार नाहीत. एक, कुठल्याही कारखान्याला संमती देताना त्या जागेवर आधीच असलेला एकूण भार पाहिला जावा. आज प्रत्येक प्रकल्पाचा हिशोब सुटा होतो आणि वीस 'मर्यादेतले' प्रकल्प मिळून एक माहुल होतं. दोन, मापनाचे तासागणिक आकडे, उतरवून घेता येतील अशा रूपात, न मागता मिळावेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये माहिती स्वतःहून जाहीर करण्याचं कर्तव्य आहेच. तीन, रहिवाशांनी नोंदवलेली दुरुस्ती स्वीकारली, की नाकारली तर का, हे लेखी द्यावं. चार, पुनर्वसनाची घरं ठरवताना हा नकाशा बंधनकारक असावा. आणि हे सगळं विधानसभेच्या कायद्याने.

'खर्च कोण करणार?' असं विचारलं जाईल. न केल्याचा खर्च पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की या कुटुंबांना माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार अनामत द्या. २०२० मध्ये हरित लवादाने त्या परिसरातल्या चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई लावली. हे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून मिळालेलं आहे, आणि तोवर लोकांच्या छातीत जे जायचं ते गेलं होतं.

ज्या सॉफ्टवेअरवर हा बफर निघतो ते फुकट मिळतं. पुढच्या वेळी कुणा प्रकल्पग्रस्ताच्या हातात घराची चावी ठेवाल, तेव्हा त्या इमारतीभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ काढा, त्यात काय काय येतं त्याची यादी मराठीत छापा आणि चावीसोबत द्या. यादी वाचूनही जो अधिकारी ते घर देईल, त्याचं नाव खाली सहीसकट असू द्या.