सल्लागाराचं कमिशन विचारायला लाजू नका

आमचं पूर्णा म्हणजे जंक्शनचं गाव. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी इथे कोणी ना कोणी रेल्वेतून रिटायर होतं. हार पडतात, पेढे वाटले जातात आणि पुढच्याच आठवड्यात पैशांबद्दल सल्ला देणारे दारात उभे राहतात.

माझे चाचा रिटायर झाले तेव्हा त्यांना एकच चिंता होती: व्याज नको. त्यांच्या बँकेतल्या अधिकाऱ्याने सांगितलं, "यात व्याज नाही चाचा, बोनस आहे. दोन लाख एकदाच भरायचे." चाचांनी सह्या केल्या. वर्षभराने मोबाइलवर मेसेज आला, दुसरा हप्ता भरा. ती दहा वर्षं, दरसाल दोन लाख भरायची विमा पॉलिसी होती! मी ईदला घरी आलो तेव्हा कागद पाहिले. पॉलिसी परत करायची मुदत केव्हाच संपली होती. चाचा मात्र अजूनही म्हणतात, "पोरगा चांगला आहे, मला बसवून चहा पाजायचा."

मला वाटतं, चाचांचं खरं असावं. पोरगा चांगलाच असेल. पण त्याच्यावर टार्गेट होतं, आणि चाचांना ते माहीत नव्हतं.

हिशेब सोपा आहे. तिशीतल्या तरुणाला एक कोटीचा टर्म विमा साधारण 12 हजारांत मिळतो असं धरा, आणि बचतीच्या पॉलिसीचा हप्ता दोन लाख धरा. दोन्हींवर पहिल्या वर्षी 30 टक्के कमिशन असेल, तर एकीकडे 3,600 रुपये मिळतात, दुसरीकडे 60 हजार. घर चालवणारा माणूस यातलं काय आधी सुचवेल? लांब मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या हप्त्याच्या 35 टक्क्यांपर्यंत कमिशन देण्याची मुभा आपल्याकडे वर्षानुवर्षं होती. 2023 मध्ये विमा नियामकाने प्रत्येक पॉलिसीवरची वेगळी मर्यादा काढून कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा घातली.

हा केवळ माझा संशय नाही. संतोष अनागोल, शॉन कोल आणि शायक सरकार या संशोधकांनी भारतातल्या विमा एजंटांकडे ग्राहक बनवून माणसं पाठवली. त्यांचा निबंध 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक एजंटांनी ग्राहकाच्या गरजेपेक्षा जास्त कमिशनची पॉलिसी सुचवली. ग्राहकाचा गैरसमज असेल तर तो दूर करण्याऐवजी एजंट त्याचीच री ओढत. आणि एका प्रकारच्या पॉलिसीवर कमिशन उघड करणं बंधनकारक झालं, तेव्हा एजंट ते सांगावं न लागणाऱ्या दुसऱ्या पॉलिसीकडे वळले. मोनिका हलन, रेणुका साने आणि सुझन थॉमस यांच्या अंदाजाप्रमाणे 2004-05 ते 2011-12 या काळात चुकीच्या विमा विक्रीमुळे ग्राहकांचं दीड लाख कोटी रुपयांहून जास्त नुकसान झालं.

म्युच्युअल फंडात सेबीने 1 ऑगस्ट 2009 पासून एंट्री लोड बंद केला, 1 जानेवारी 2013 पासून डायरेक्ट प्लॅन आणले. तरी आपल्यातले अनेक जण शरियाप्रमाणे चालणाऱ्या फंडाचाही रेग्युलर प्लॅनच घेतात, कारण ओळखीच्या भाईने फॉर्म भरून दिलेला असतो. त्यात कमिशन दरवर्षी आपल्याच पैशांतून कापलं जातं. महिना 5 हजार, 20 वर्षं, 12 टक्के परतावा धरला तर सुमारे 50 लाख होतात. तोच परतावा 11 टक्के झाला तर सुमारे 44 लाख. भाईने दरवर्षी वेळ दिला, बाजार पडला तेव्हा धीर दिला, तर हे पैसे योग्यही असतील. पण किती देतोय हे आपल्याला माहीत हवं. फंड हलाल आहे एवढ्याने विक्रीचा व्यवहार साफ होत नाही.

दलालीची मजुरी आपल्या दीनमध्ये हराम नाही. बुखारी शरीफमध्ये इब्ने सीरीन, अता, इब्राहीम आणि हसन यांना दलालाच्या मजुरीत काही गैर वाटत नसल्याची नोंद आहे. मात्र ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमानतदार असतो, हीही हदीसची शिकवण आहे. विक्रेत्याने विक्रेता म्हणून यावं, दलाली सांगून घ्यावी. समोरच्याकडून पैसे घेऊन माझा सल्लागार म्हणून बसू नये.

मला ठाऊक आहे, मोहल्ल्यातले कितीतरी एजंट आपलेच भाऊ आहेत. पदवी आहे, नोकरी नाही, म्हणून एजन्सी घेतली. त्यांच्या रोजीवर माझा आक्षेप नाही. उलट त्यांच्यासाठीच सांगतो: कमिशन स्वतःहून सांगणाऱ्या एजंटाकडे लोक दुसऱ्यांदा येतील. चाचा त्या बँकेतल्या पोराकडे आता कधीच जाणार नाहीत.

आणि आपण काय करायचं? सही करण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. यात तुम्हाला किती मिळणार? पैसे एकदाच भरायचे की दरवर्षी, आणि किती वर्षं? मी दोन वर्षांनी बंद केलं तर हातात किती येतील? उत्तरं कागदावर लिहून घ्यायची. पॉलिसी हातात आल्यावर आता 30 दिवसांत ती परत करता येते, म्हणून पहिल्याच आठवड्यात वाचायची. फसगत झालीच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. परभणी जिल्ह्यासाठी ते पुण्यात आहेत आणि तिथे फी लागत नाही. मोठी रक्कम असेल तर सेबीकडे नोंदणी असलेल्या, फी घेणाऱ्या सल्लागाराला पैसे देऊन विचारा. मोफत सल्ल्यापेक्षा तो बहुधा स्वस्त पडतो.

घरातल्या इंग्रजी कागदांवर अब्बा-अम्मी, चाचा-चाची विश्वासाने सही करतात. आपण शिकलेले आहोत. या ईदला घरी गेलात की कपाटातली फाइल काढून एकदा वाचाच. मी एक वर्ष उशिरा वाचली.