वाऱ्याला छाती, वाऱ्याला पाठ

आमच्या एरोमॉडेलिंग क्लबमध्ये सध्या एकच वाद चालू आहे. बाल्साचे ग्लायडर बंद करून सगळ्यांनी मोटरची विमानेच उडवायची का? बहुतेक कॅडेट मोटरच्या बाजूचे आहेत. मी नाही.

मोटर आयता वेग देते, ग्लायडर तो शोधायला लावते. दक्षिणेकडच्या महासागरावरचा अल्बाट्रॉस पाहा. त्याचा पंखविस्तार साडेतीन मीटरपर्यंत असतो, तरी पंख फारसे न हलवता तो शेकडो किलोमीटर जातो. पाण्यालगत वारा मंद असतो, थोडे वर जोरदार. हा पक्षी वाऱ्याला छाती देत चढतो, वर वळतो आणि वाऱ्याला पाठ देऊन उतरतो. चढताना समोरचा वारा वाढत जातो, उतरताना पाठीमागचा कमी होत जातो. दोन्ही वेळा हवेच्या तुलनेत त्याला वेगाची भर मिळते. लॉर्ड रॅले यांनी हे 1883 मध्येच मांडले. 1974 मध्ये इंगो रेनर यांनी ऑस्ट्रेलियात स्वतः ग्लायडर चालवून ते करून दाखवले.

आता हिशेब. ग्लायडरचा वेग सेकंदाला 15 मीटर आहे आणि थर ओलांडताना समोरचा वारा 5 मीटरने वाढला, तर हवेतला वेग 20 होतो. ही वाढ सुमारे 9 मीटर उंचीच्या मोलाची! पण खर्चही आहे. 60 अंश कलून सपाट वळण घेतले की पंखांवरचा भार दुप्पट होतो. सावकाश वळले, तर हवेचा विरोध सगळी कमाई खातो. उत्तम मार्ग या दोहोंमध्ये असतो. शिवाय वाऱ्यातला फरक जमिनीलगत सर्वांत जास्त, आणि तिथेच चुकीला माफी नसते.

हे मी अनुभवाने शिकलो. मागच्या वर्षी टेकडीमागे, केवळ हिमतीवर, मी ग्लायडर खाली झोकला आणि दोन महिन्यांची मेहनत मोडली. सर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "वर किती वारा होता, खाली किती, मोजलंस का?" मी मोजले नव्हते. आता मी आधी बांबूला दोन उंचींवर रिबनी बांधतो, मगच ग्लायडर हातात घेतो.

मित्र म्हणतात, जमाना ड्रोनचा आहे. मान्य. पण ड्रोनची बॅटरीही संपतेच. ज्याला वारा वाचता येतो, तो तेवढ्याच बॅटरीत जास्त दूर जाईल. म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येक कॅडेटने मोटरला हात लावण्याआधी एक सत्र ग्लायडर उडवावे, आणि गुण नुसत्या अंतराला नव्हे, हिशेबाच्या वहीलाही द्यावेत.

वारा वाहील तशी पाठ द्यावी, असे आपल्याकडे म्हणतात. अल्बाट्रॉसकडे पाहिल्यावर ही म्हण मला अर्धीच वाटते. पाठ द्यावी, पण उतरताना. चढताना मात्र छातीच द्यावी लागते.