रिपोर्ट नॉर्मल आहे, आपा

माझी आपा तळोज्याला राहते. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिने फोनवर सांगितलं, "फजरला उठते तेव्हा मूठ वळत नाही रे. वुजूला नळ फिरवता येत नाही. दहा वाजेपर्यंत हात माझे नसतातच." मी शिक्षक, घरातला शिकलेला माणूस. त्याच रविवारी तिला लॅबमध्ये नेलं आणि आरए फॅक्टर तपासून घेतला. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला, निगेटिव्ह. मी लगेच फोन केला, "रिपोर्ट नॉर्मल आहे, आपा. काळजी करू नकोस."

त्यानंतर तिने दुखण्याचा विषय काढला नाही. मला वाटलं, बरी झाली. सव्वा वर्षाने ईदला तिच्याकडे गेलो तेव्हा ती शीरखुर्म्याची वाटी दोन्ही तळव्यांत दाबून आणत होती. बोटांनी धरताच येत नव्हती.

मग सांधेविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि आधी आपाचे हात हातात घेतले. एकेक बोटाचं पेर दाबून पाहिलं. "मूठ वळून दाखवा. सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?" हा प्रश्न तिला त्या दिवसापर्यंत कुणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. नंतर त्यांनी अँटी-सीसीपी नावाची दुसरी तपासणी करायला लावली. ती मर्यादेच्या कितीतरी पट वर आली. आजार होता रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. औषधांनी आपा आज बरी आहे, चपात्या लाटते. पण उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत, आणि ती आता होणारही नाहीत.

ही गोष्ट आपाची म्हणून नाही, माझी चूक म्हणून सांगतोय. मी बहिणीच्या शब्दापेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवला. आणि तो कागद काय सांगू शकतो, काय नाही, हेही मला माहीत नव्हतं.

आपली भाषाही इथे थोडी घोळ घालते. उर्दूत आपण सगळ्यालाच गठिया म्हणतो, मराठीत संधिवात. वयामुळे झिजलेला गुडघा, युरिक अ‍ॅसिडने सुजलेला अंगठा, चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने दुखणारी बोटं, सगळ्यांना एकच नाव. जुन्या हकिमांनी वजा-उल-मफासिलमधून निकरिस वेगळा काढला होता, वैद्यांनी आमवाताला वेगळं नाव दिलं होतं. आपण बोलताना सगळं एकत्र केलं. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा झिजेचा आजार नाही. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. तो तरुण वयातही होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट जास्त होतो.

आता रक्ताबद्दल. आरए फॅक्टर ही एक अँटिबॉडी आहे, म्हणजे संरक्षणासाठी शरीराने बनवलेलं प्रथिन. फरक इतकाच की ती जंतूला नाही, आपल्याच दुसऱ्या अँटिबॉडीला चिकटते. नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० मध्ये हा फॅक्टर नोंदवला. अशा रुग्णांच्या रक्तातल्या द्रवाने मेंढीच्या लाल पेशींच्या गुठळ्या होतात, असं त्यांना दिसलं होतं. पण हा फॅक्टर या आजाराच्या साधारण ७० ते ८० टक्के रुग्णांतच सापडतो. बाकीच्यांत आजार असतो, फॅक्टर नसतो. उलट टीबी, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी अशा आजारांतही तो वाढतो. सुमारे ५ टक्के धडधाकट माणसांतही सापडतो, आणि वय वाढलं की हे प्रमाण आणखी वाढतं.

अँटी-सीसीपी नंतरची, १९९८ च्या सुमारास पुढे आलेली. सूज असते तिथे प्रथिनांमधल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन होतं. या बदललेल्या प्रथिनांना शरीर परकं समजलं की ही अँटिबॉडी तयार होते. सिट्रुलिन हे नाव कलिंगडाच्या लॅटिन नावावरून आलं, कारण ते पहिल्यांदा कलिंगडाच्या रसात सापडलं होतं. अँटी-सीसीपी जास्त भरवशाची. निरोगी माणसात ती क्वचितच निघते, आणि कधीकधी आजाराच्या काही वर्षं आधीच रक्तात दिसते. पण तीही एक तृतीयांशाच्या आसपास रुग्णांत निगेटिव्ह येते. राहिल्या ईएसआर आणि सीआरपी. त्या शरीरात कुठेतरी सूज आहे एवढंच सांगतात. साध्या तापातही वाढतात.

मी मास्तर, म्हणून मला गुणांची भाषा लवकर कळते. अमेरिका आणि युरोपच्या तज्ज्ञ संघटनांनी २०१० मध्ये या आजारासाठी १० गुणांची पद्धत ठरवली. सुजलेले, दुखणारे सांधे किती आणि कोणते, याला ५ पर्यंत गुण. दोन्ही अँटिबॉडी मिळून ३ पर्यंत. ईएसआर-सीआरपीला १. त्रास सहा आठवडे किंवा जास्त असेल तर १. पास व्हायला ६ हवेत. मुळात ती संशोधनात रुग्ण निवडण्यासाठी आहे, पण डॉक्टर तिचा आधार घेतात. आता बेरीज करा. रक्ताचे सगळे मिळून ४. म्हणजे रक्त कितीही वाईट असलं तरी फक्त त्याच्या जोरावर कुणी पास होत नाही. उलट रक्त पूर्ण नॉर्मल असलं तरी सांध्यांचे ५ आणि मुदतीचा १ धरून ६ होतात. मी आपाचा तीन गुणांचा पेपर तपासला, तोही अर्धा, आणि निकाल लावून मोकळा झालो.

याची दुसरी बाजूही आहे. हल्ली हेल्थ पॅकेजमध्ये आरए फॅक्टर घातलेला असतो. एकही सांधा न दुखणारा माणूस रिपोर्ट पाहून घाबरतो. आपल्याच राज्यातला आकडा घेऊन हिशेब करू. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला मोठी पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांना त्यांच्या दुखण्याबद्दल विचारलं. सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचा काहीतरी त्रास होता, पण रुमॅटॉइड आर्थ्रायटिस अर्धा टक्का. म्हणजे हजारात पाच. आता अशा हजार जणांची सरसकट आरए फॅक्टर तपासणी केली, तर त्या पाचांतले तीन-चार सापडतील आणि निरोगींतले पन्नासेक जण उगाच पॉझिटिव्ह निघतील. पन्नास घरांत विनाकारण काळजी. त्यातले काही पुड्या विकणाऱ्यांच्या हाती लागतात. त्या पुड्यांत स्टेरॉइड असलं तर चार दिवस बरं वाटतं, आणि आत काय चाललंय ते झाकलं जातं.

भिगवणला सुरुवात सुईने नाही, प्रश्नाने झाली. कुठे दुखतं, किती दिवस, काय करता येत नाही? माझ्या मते आपल्या घरांतही सुरुवात तिथूनच हवी. तपासण्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. अँटी-सीसीपीनेच आपाच्या डॉक्टरांची खात्री पक्की केली. पण तपासणी हे प्रश्नाचं उत्तर असतं. प्रश्नच विचारला नसेल तर उत्तराचं काय करायचं?

आपल्या समाजात बाईच्या दुखण्याला आपण फार लवकर सब्रचं नाव देतो. ती सगळ्यात आधी उठते, पीठ मळते, डबे भरते. हात दुखतात म्हणाली तर "काम जास्त झालं असेल" म्हणतो. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला की तिच्या तक्रारीवर शिक्काच बसतो. सब्र तिने करायचा असतो, ठीक. पण ऐकून घेणं हे आपलं काम आहे.

म्हणून एवढंच लक्षात ठेवा. दोन्ही हातांची मधली पेरं किंवा बोटांच्या मुळाचे सांधे सुजत असतील, सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल आणि हे सहा आठवडे चाललं असेल, तर रिपोर्ट काहीही असो, सांधेविकार तज्ज्ञाला हात दाखवा. सुरुवातीचे काही महिने फार मोलाचे असतात, तेव्हा औषध सुरू झालं तर सांधे वाचू शकतात. नेहमी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट महाग नाही. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेततं. गरोदरपणात ते चालत नाही आणि मध्ये मध्ये रक्त तपासावं लागतं, म्हणून डॉक्टरांशिवाय नाही.

आता मी आपाला फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज मूठ किती वाजता वळली?" ती हसते. म्हणते, "हे तेव्हाच विचारलं असतंस तर!"